‘सरदार’ : एका मानाच्या शब्दाचा इतिहास

समाजांत मोठा कोणास म्हणावें ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक काळ आपापल्या शब्दानें देत असतो. ज्या पेठेंत व्यापाराला मान, तेथें ‘शेटजी’ हा शब्द आदराचा होतो. ज्या आळींत विद्येला मान, तेथें ‘शास्त्रीबोवा आले’ म्हटल्याबरोबर लोक बाजूला सरून वाट देतात. पुणें शहरांत अशा मानाच्या शब्दांची वानवा कधींच नव्हती. श्रीमंत, राजश्री, पंत, राव, पुढें रावसाहेब व रावबहादूर, असे कितीतरी शब्द ह्या शहरानें वापरले, झिजविले आणि बाजूला ठेविले. परंतु त्या सर्वांत एक शब्द असा आहे कीं, त्याच्या अर्थाचे फेरे नीट पाहिले म्हणजे पुण्याच्या दोन-अडीच शतकांचा सामाजिक इतिहासच डोळ्यांपुढून सरकूं लागतो. तो शब्द ‘सरदार’ हा होय. जुन्या पुण्याच्या गोष्टी निघाल्या म्हणजे अमके सरदार, तमक्या सरदारांचा वाडा, असा उल्लेख आजही सहज होतो. आणि चढेल मनुष्य भेटला म्हणजे ‘मोठा सरदार लागून गेला आहे!’ असा टोमणाही ह्याच शहरांत ऐकूं येतो. एकाच शब्दाच्या पोटीं इतका मान व इतका उपहास कसा सांठला, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

शब्द फारशी आहे आणि त्याची फोड अगदीं सरळ आहे. ‘सर’ म्हणजे डोकें आणि ‘दार’ म्हणजे धारण करणारा. आमच्या ‘शिर’ आणि ‘धर’ ह्या शब्दांचीं हीं दूरचीं भावंडें होत. तेव्हां अग्रस्थान धारण करणारा, पुढारी, हा ‘सरदार’ ह्याचा मूळ अर्थ. सामान्यतः आपली नजर शब्दाच्या पहिल्या अर्धावर, म्हणजे डोक्यावर, जाते. परंतु खरें मर्म दुसऱ्या अर्धांत आहे. मराठींत ज्या शब्दाच्या शेवटीं ‘दार’ आला, त्या शब्दाबरोबर बहुधा कांहींतरी सांभाळण्याचें, वाहण्याचें आणि हिशेब देण्याचें काम आलें. किल्लेदार किल्ला सांभाळतो, ठाणेदार ठाणें सांभाळतो, सुभेदार सुभ्याची जबाबदारी वाहतो. सरदारानें काय सांभाळावयाचें? तर आपल्या मागें उभीं असलेलीं माणसें. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें जो राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यांत दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा उद्योग झाला. तरीही ‘दार’ शेवटीं असलेले पुष्कळ शब्द मराठी माणसाच्या तोंडून गेले नाहींत, आणि सरदार हा त्यांतलाच एक.

शिवकालांत फौजेचें वेतन शक्य तितकें रोख द्यावें, मुलूख तोडून देऊं नये, असें धोरण होतें. जमीन हातीं आली कीं मनुष्य राज्याचा चाकर न राहतां गांवाचा धनी होऊं पाहतो, हा अनुभव पूर्वींच्या वतनदारांनीं पुष्कळ दिला होता. पुढें १६८९ सालीं संभाजी महाराजांचा वध झाला आणि मोंगलांशीं जें दीर्घ युद्ध चाललें, त्यांत खजिना रिकामा झाला. रोख देण्यास पैसा नाहीं आणि लढणारा मनुष्य तर हवा, अशा अडचणींत मुलूख तोडून देण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. १७०७ सालीं शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथास पेशवेपद मिळालें. १७१९ सालीं दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखी ह्यांच्या सनदा आल्या. ह्या वसुलाच्या कामीं निरनिराळ्या सरदारांना निरनिराळे प्रांत नेमून देण्यांत आले. येथून सरंजामी पद्धति स्थिर झाली आणि सरंजाम खाऊन फौज बाळगणारा तो सरदार, असा ह्या शब्दाला त्याचा खास मराठी अर्थ प्राप्त झाला.

हा सरंजाम म्हणजे देणगी नव्हे, नेमणूक होती, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. फौजेच्या खर्चासाठीं लावून दिलेलें उत्पन्न तो फौजेचा सरंजाम. सरदाराच्या स्वतःच्या योगक्षेमासाठीं असलेलें उत्पन्न तो जातीचा सरंजाम. इतके स्वार, इतका ऐवज, अमक्या महालांतून, असा जाबता सरकारांतून ठरून येई. मोहिमेच्या वेळीं स्वारांची हजिरी आणि घोड्यांची पाहणी होई. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडीं छावणीस परतत. म्हणजे सरदाराचें वर्ष कापणी-पेरणीप्रमाणेंच ऋतूंनीं बांधलेलें असे. सरदार वारल्यावर मुलानें नजर भरावी, नवी सनद घ्यावी, वस्त्रें स्वीकारावीं, तेव्हां त्याचें नांव कायम व्हावें, अशी रीत होती. व्यवहारांत सरंजाम बहुधा त्याच घराण्यांत चाले हें खरें; पण तो काढून घेण्याचा सरकारचा अधिकार कोणी नाकारीत नसे. पहिल्या बाजीरावाच्या वेळीं जे सरदार पुढें आले, त्यांत होळ गांवच्या धनगर कुळांतले मल्हारराव होळकर होते, कण्हेरखेडच्या पाटील घराण्यांतले राणोजी शिंदे होते. ह्यांचें मोठेपण पूर्वजांच्या यादीवर उभें नव्हतें. ‘सरदार कोण?’ ह्या प्रश्नाचें त्या काळचें उत्तर ‘ज्याच्या हाकेला घोडीं निघतात तो’ असें सोपें होतें.

ह्या चित्राला सोन्याचा मुलामा देण्याचें कारण नाहीं. ह्याच सरदारांचा जाच परमुलखांतल्या रयतेला किती झाला, हें पुण्यांत बसून विसरून चालणार नाहीं. १७४० नंतरच्या दशकांत नागपूरकर भोसल्यांच्या ज्या स्वाऱ्या बंगाल्यांत गेल्या, त्यांची आठवण तेथील आयांच्या अंगाईंत ‘बर्गी’ ह्या नांवानें आजवर राहिली आहे. तो शब्द म्हणजे आमचा ‘बारगीर’च होय. घरांतल्या भाऊबंदकीनें आणि सरदारा-सरदारांच्या वैरानें राज्याचें काय झालें, हेंही सर्वश्रुत आहे. येथें मुद्दा सरदारांच्या सद्गुणांचा नसून शब्दाच्या अर्थाचा आहे. आणि त्या काळीं तो अर्थ कामाशीं बांधलेला होता, एवढेंच म्हणावयाचें आहे.

१७४९ सालीं शाहू महाराज निवर्तले आणि राज्याच्या कारभाराचें केंद्र साताऱ्याहून पुण्यास आलें. तेव्हांपासून ज्याला दरबारांत आपलें काम साधावयाचें, त्याला पुण्यांत घर असणें अगत्याचें झालें. सरंजामाचीं गांवें कोठें खानदेशांत, कोठें कर्नाटकांत. पण वाडा मात्र पुण्यांत. रास्ते, विंचूरकर, पानसे, पुरंदरे, मेहेंदळे, घोरपडे अशीं घराणीं येथें नांदूं लागलीं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई ह्या वाईच्या रास्ते घराण्यांतल्या. पूर्वीं जिला शिवपुरी म्हणत, ती पेठ पुढें ह्याच घराण्याच्या नांवानें रास्ता पेठ झाली. घोरपडे पेठेचेंही नांव सरदार घराण्याचेंच. ज्या मनुष्याच्या मागें पथक असे, त्याच्याच मागें मोतद्दार, खिजमतगार, कारकून, शागीर्द, भिक्षुक, गवई, शिंपी, सोनार असा सारा परिवार येई आणि त्यांच्या बिऱ्हाडांनीं पेठ भरून जाई. पुण्याच्या वस्तीचा पुष्कळसा भाग असा सरदारांच्या पोशिंदेपणावर उभा राहिला. ह्याच काळांत शब्दाची कक्षाही थोडी रुंदावली. पानशांकडे तोफखाना होता, तेव्हां ते लढवय्येच. पण मुजुमदारांचें मूळ काम हिशेबतपासणीचें. तरीही दरबारांतल्या बैठकीमुळें असे दरकदारही हळूहळू सरदारांच्या पंक्तींत गणले जाऊं लागले. लेखणीलाही तलवारीचें नांव मिळालें. पण लेखणीपुढेंही काम होतें, रिकामी बैठक नव्हती.

ह्या अर्थाचा शेवट कोठें झाला हें दाखवावयाचें झाल्यास, अष्टीच्या रणांगणाकडे बोट दाखवावें लागेल. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. आणि १८१८ च्या फेब्रुवारींत अष्टी येथें पेशव्यांचे सेनापति बापू गोखले लढतां लढतां पडले. जून महिन्यांत दुसरे बाजीराव शरण गेले आणि सालीना आठ लक्षांचें वर्षासन घेऊन गंगातीरीं ब्रह्मावर्तास राहावयास गेले. राज्य गेलें, फौज गेली, मोहीम गेली. आतां प्रश्न असा आला कीं, सरदारांचें काय करावयाचें?

एल्फिन्स्टन हा धोरणी पुरुष होता. नव्या राज्याला जुन्या मोठ्या घराण्यांचा असंतोष परवडणार नाहीं, हें तो पुरतें जाणून होता. ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यांत वतनें, इनामें इत्यादिकांना धक्का लागणार नाहीं असें आश्वासन दिलेलें होतेंच. त्याला अनुसरून सरंजामांची छाननी झाली. मोंगल बादशहांनीं किंवा सातारच्या छत्रपतींनीं दिलेल्या जुन्या जहागिरी वंशपरंपरेच्या मानल्या गेल्या. पेशव्यांनीं दिलेल्यांना पिढ्यांची मर्यादा पडली. फौज बाळगण्याचें ओझें मात्र उतरलें. आणि मग १८२७ सालीं मुंबई सरकारचें २९ वें रेग्युलेशन निघालें. त्या अन्वयें दक्षिणेंतल्या सरदारांवरील दिवाणी दावे सामान्य न्यायालयांत न चालतां सरदारांसाठीं नेमलेल्या एजंटापुढें चालावे, अशी तजवीज झाली. पुढें हें एजंटाचें काम पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाकडे आलें. सरदारांची यादी झाली आणि त्या यादींत तीन वर्ग झाले. ‘पहिल्या वर्गाचे सरदार’ हें जें बिरुद पुढें शंभर वर्षें पुण्यांत मोठ्या दिमाखानें मिरविलें गेलें, त्याचा उगम येथें आहे.

हा फरक वरवर पाहतां लहान वाटतो. नांवें तींच, वाडे तेच, पागोटीं तींच. परंतु शब्दाच्या अंतरंगांत केवढी उलथापालथ झाली पाहा! पूर्वीं सरदारास विचारीत, ‘आपल्या पथकांत स्वार किती?’ आतां विचारूं लागले, ‘आपण कोणत्या वर्गाचे?’ पूर्वीं सरदार हिशेब देण्यास बांधलेला होता. आतां हिशेब मागणाऱ्या न्यायालयाच्या दारांतून त्याला सूट मिळाली. ज्या शब्दाचा जीव ‘दार’ ह्या अक्षरांत, म्हणजे वाहण्यांत, होता, त्या शब्दाला वाहण्यासाठीं आतां कांहीं उरलें नाहीं. राहिला तो केवळ ‘सर’, म्हणजे शिरावरचें पागोटें. सरदारांनीं हें मागून घेतलें असें नव्हे. तें त्यांच्यावर येऊन पडलें. मनुष्याच्या हातून काम काढून घ्यावें आणि मान मात्र राहूं द्यावा, ह्यापरतें गोड बंधन दुसरें नाहीं.

पावसाळ्यांत मुंबईचें सरकार पुण्यास येई, आणि मग दरबार भरत. कोणाची खुर्ची कोणत्या रांगेंत, अत्तरगुलाब कोणास आधीं, गव्हर्नरसाहेबांची खाजगी भेट कोणास मिळाली, हे विषय वाड्यांवाड्यांतून चघळले जाऊं लागले. १८५२ सालीं कायद्यानें इनाम कमिशनला जोर आला आणि घरोघरीं जुन्या सनदा व रुमाल शोधण्याची धांदल उडाली. तेव्हां आपला मान आतां घोड्यांच्या टापांवर नसून दप्तरांतल्या कागदावर टिकून आहे, ही गोष्ट पुष्कळांना प्रथमच उमगली असेल. कागदावरचा मान कागदानें वाढवितांही येतो. त्यामुळें ही पदवी पुढें पेशवाईशीं संबंध नसलेल्या माणसांकडेही गेली. पुण्याच्या पारशी समाजांतील पदमजी घराण्यांत ती आली. आणि सर्वांत मौजेची गोष्ट म्हणजे ती लोकहितवादींकडेही आली. गोपाळ हरि देशमुख ह्यांचे वडील बापू गोखल्यांचे फडणीस; म्हणजे अष्टीला जो शेवट झाला त्याची झळ ह्यांच्या घराला प्रत्यक्ष लागलेली. १८४८ ते १८५० ह्या काळांत ‘प्रभाकर’ पत्रांतून त्यांनीं जीं शतपत्रें लिहिलीं, त्यांत बडे लोक, जहागीरदार, आळशी आश्रित ह्यांवर कोरडे ओढण्यांत त्यांनीं कसूर केली नाहीं. त्याच गृहस्थांना उत्तरवयांत सरकारनें पहिल्या वर्गाचे सरदार केलें! ह्यांत त्यांचा कांहींच दोष नाहीं; त्यांनीं न्यायखात्यांत आयुष्यभर चोख काम केलें होतें. परंतु आतां हा शब्द घोडदळाच्या नायकास, मुलकी अंमलदारास आणि व्यापारी गृहस्थास सारखाच लागूं लागला. सर्वांना लागूं पडणारा शब्द विशेष असें कांहीं सांगत नाहीं. तो फक्त ‘ह्यांना सरकार ओळखतें’ एवढेंच सांगतो.

पुण्याच्या इतिहासांत ह्या स्थितीला पहिला खरा प्रश्न विचारला गेला तो २ एप्रिल १८७० रोजीं. त्या दिवशीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होतें पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचें. परंतु त्यांतून जी संस्था निघाली तिचा एक नियम अपूर्व होता. जो सभासद होऊं इच्छील त्यानें निदान पन्नास माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणिलें पाहिजे. पंच्याण्णव सभासद सहा हजार लोकांच्या वतीनें बोलावयास बसले. ह्या सभेचे पहिले अध्यक्ष औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधि होते, आणि सरदार-जहागीरदारांचा तिला आश्रयही होता. तेव्हां जुन्या थोरांना हांकलून लावण्यासाठीं ती निघाली असें कोणी समजूं नये. पण सभेचे प्रमुख कार्यकर्ते गणेश वासुदेव जोशी हे वकील, आणि त्यांना लोकांनीं दिलेली पदवी काय, तर ‘सार्वजनिक काका’! सनद नाहीं, वर्ग नाहीं, नजर नाहीं. घरांतल्या वडील माणसाला ज्या नात्यानें हाक मारावी तें नातें, आणि त्याच्या आधीं ‘सार्वजनिक’ हें विशेषण. १८७७ च्या दिल्ली दरबाराला हे काका सभेच्या वतीनें गेले ते अंगांत खादीचे कपडे घालून. भरजरी पोशाखांच्या त्या रांगांत एक मनुष्य असा होता कीं त्याच्या पाठीशीं यादी नव्हती, सह्या होत्या. पन्नास सह्या आणणें म्हणजे एका अर्थानें पन्नास स्वारांची हजिरी देणेंच नव्हे काय? जुन्या सरदाराचा जो गुण इंग्रजी यादींतून गळाला होता, तो ह्या नियमांत नव्या वेषानें परत आला, असें आम्हांस वाटतें.

सरकारी यादीवरचा मान किती पातळ आहे ह्याची परीक्षा १८९७ सालीं झाली. बाळाजीपंत नातू ह्यांनीं पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांना जें साह्य केलें, तें पुण्याच्या तोंडीं अजून आहे. त्याच नातू घराण्यांतले बाळासाहेब व तात्यासाहेब हे बंधु सरदारांत गणले जात. प्लेगच्या बंदोबस्ताचा जाच झाला, रँडसाहेबांचा खून झाला, आणि त्यानंतर ह्या दोघां सरदारांना चौकशीवांचून, खटल्यावांचून पकडून नेण्यांत आलें. त्यासाठीं सरकारनें जें शस्त्र काढलें तें १८२७ चेंच २५ वें रेग्युलेशन होतें. एकाच वर्षीं, एकाच सरकारनें केलेलीं हीं दोन रेग्युलेशनें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोगीं आहेत. २९ वें सरदाराला सामान्य न्यायालयांतून सूट देतें. २५ वें त्याला न्यायालयच नाकारतें. सुमारें दोन वर्षांनीं, १८९९ सालीं, नातू बंधु सुटले. पण ज्या हातानें मान दिला तोच हात तो केव्हांही काढून घेऊं शकतो, आणि कारणही सांगत नाहीं, हें पुण्याला कळावयाचें तें कळून चुकलें. पेशवेही सरंजाम काढून घेत. परंतु तेव्हां सरदाराच्या पाठीशीं त्याचें पथक तरी असे. यादींतल्या सरदाराच्या पाठीशीं कोणी नव्हतें.

तरीही यादी चालूच राहिली; इतकेंच नव्हे, तर तिला मतपेटीही मिळाली. १९०९ च्या सुधारणांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत दक्षिणेंतल्या सरदारांना आपला प्रतिनिधि निवडतां येऊं लागला. १९१९ च्या सुधारणांत दक्षिणेंतील सरदार व इनामदार ह्यांचा स्वतंत्र मतदारसंघ राहिला, आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळांतही गुजराथ व दक्षिण मिळून त्यांना एक जागा मिळाली. प्रतिनिधि निवडावयाचा, परंतु कोणाचा? तर स्वतःचाच! माणसांचें नेतृत्व हा ज्या शब्दाचा अर्थ, त्या शब्दाचे धनी आतां केवळ एकमेकांचे नेते राहिले.

परंतु न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काम गेल्यावर पुण्याच्या सर्वच सरदारांनीं तक्क्याला टेकून दिवस काढले असें नाहीं. ज्या थोड्यांनीं स्वतःसाठीं नवें काम शोधून काढलें, त्यांनीं शब्दाची लाज राखली. १८९४ सालीं टिळकांनीं सदाशिव पेठेंतील विंचूरकरांच्या वाड्यांत सार्वजनिक गणपति बसविला, तेव्हां सरदारी वाड्याचा चौक लोकांच्या पायांखालीं आला आणि त्यानें धन्य झाला. १९१० सालीं राजवाड्यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें, त्या कामीं त्यांचे सहकारी होते सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे. ज्या दप्तरांतल्या कागदावर घराण्याचा मान टिकून होता, तेच कागद आतां साऱ्या महाराष्ट्राच्या इतिहासासाठीं उघडले गेले. आणि कसबा पेठेंतले सरदार गंगाधर नारायण ऊर्फ आबासाहेब मुजुमदार (१८८६–१९७३) ह्यांनीं तर सरदारीला निराळेंच रूप दिलें. ते कायदेमंडळांतही बसले. परंतु पुणें त्यांना ओळखतें तें त्या खुर्चीमुळें नव्हे. स्वतः सतार वाजविणारे, संगीताचे ग्रंथ व हस्तलिखितें जपणारे, भारत इतिहास संशोधक मंडळाची धुरा वाहणारे आणि आपल्या वाड्यांतील गणेशोत्सवांत थोर गवयांना सन्मानानें बसविणारे म्हणून ते ओळखले गेले. ज्यांच्या पूर्वजांचें काम राज्याचा हिशेब तपासण्याचें, त्यांनीं गायनविद्येची ठेव सांभाळण्याचें काम आपण होऊन पत्करलें. ‘दार’ हा शब्द येथें पुन्हां सार्थ झाला.

ह्या कथेचा कळस मात्र पुण्याबाहेर तयार झाला आणि काळाच्या विनोदानें पुण्यांत येऊन बसला. १९२८ सालीं गुजराथेंत बारडोलीच्या शेतकऱ्यांनीं वाढीव साऱ्याविरुद्ध लढा दिला, आणि त्या लढ्याचे नायक वल्लभभाई पटेल ह्यांना लोक ‘सरदार’ म्हणूं लागले. कोणत्या वर्गाचे, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. सनद नव्हती, जमिनी जप्त होत असतांही ह्या मनुष्याच्या शब्दावर शेतकरी उभे राहिले, हीच सनद होती. १९३२ सालीं हेच वल्लभभाई गांधीजींसमवेत येरवड्याच्या तुरुंगांत होते. त्या सालीं पुणें शहरांत यादींतले सरदार अनेक होते, त्यांचे दावे ऐकण्याची कायदेशीर व्यवस्थाही होती; आणि नदीपलीकडे तुरुंगाच्या भिंतीआड एक सरदार असा होता कीं ज्याचें नांव कोणत्याही सरकारी यादींत नव्हतें, पण ज्याच्या हाकेला गांवेंच्या गांवें निघत. ‘ज्याच्या हाकेला घोडीं निघतात तो सरदार’ हा अठराव्या शतकाचा अर्थ, घोडीं व तलवारी वगळून, शंभर वर्षांनीं पुन्हां जिवंत झाला. आज हिंदुस्थानांत कोठेंही ‘सरदार’ म्हटलें असतां पहिल्यानें जें नांव आठवतें, त्यांत हेंच एक नांव असतें. पहिल्या वर्गाच्या यादीची आठवण अभ्यासकांखेरीज कोणास राहिलेली नाहीं.

२६ जानेवारी १९५० रोजीं भारताची राज्यघटना अमलांत आली आणि तिच्या १८ व्या कलमानें राज्यानें पदव्या देण्याची प्रथा बंद झाली. सैनिकी व विद्याविषयक मान तेवढे वगळण्यांत आले. १९५२ सालीं मुंबई राज्यांत सरंजाम, जहागिरी व राजकीय स्वरूपाचीं इनामें परत घेण्याचे नियम झाले. यादीही गेली आणि यादीमागचें उत्पन्नही गेलें. वाड्यांपैकीं कित्येक पडले, कित्येकांच्या जागीं चाळी व पुढें इमारती उठल्या. शब्द मात्र उरला. पेठांच्या नांवांत उरला, घराण्यांच्या अभिमानांत उरला आणि टोमण्यांतही उरला.

ह्या टोमण्याचा राग जुन्या घराण्यांनीं मानूं नये असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें. ‘मोठा सरदार लागून गेला आहे!’ हें वाक्य कोणाला लावतात तें पाहावें. जो काम न करतां पुढची जागा मागतो, रांग सोडून आंत शिरतो, माझ्यासाठीं नियम निराळा असावा अशी अपेक्षा करतो, त्याला. म्हणजे लोकांनीं हंसावयाचें तें बापू गोखल्यांना किंवा आबासाहेबांना नव्हे. तर १८२७ च्या त्या सूट देणाऱ्या कल्पनेला. पदव्या गेल्या तरी ती कल्पना गेली आहे असें म्हणवत नाहीं. आज तिला ‘बडी मंडळी’, ‘प्रतिष्ठित’, ‘मान्यवर’, ‘अतिमहत्त्वाची व्यक्ति’ अशीं नवीं नांवें आहेत. समारंभांतील पहिल्या रांगेच्या खुर्च्यांवर जीं नांवें चिकटविलेलीं असतात, ती तरी एक यादीच होय. अशा वेळीं कोण मोठा हें ठरवितांना आपण त्याच्या खुर्चीकडे पाहावयाचें, कीं तो कोणाचें ओझें वाहतो आणि कोणास हिशेब देतो हें विचारावयाचें, हा प्रश्न जुनाच आहे. आणि ‘सरदार’ ह्या शब्दाच्या दुसऱ्या अर्धांत त्याचें उत्तर आमच्या भाषेनें केव्हांचेंच लिहून ठेविलें आहे.